दहा दिवसांची फरशी

आमच्या गॅरेजात पहिल्यांदा फरशी झाली ती गाड्यांसाठी झाली नाही, गणपतीसाठी झाली. हे मी आधीच लिहून टाकतो, म्हणजे माझा राग कशावर आहे हे पुढे कोणाला शोधत बसावं लागणार नाही. मी नववीतून शाळा सोडलेला माणूस. गोडगोड लिहिणं मला जमत नाही, आणि शकू गेल्यापासून गोड बोलणंही जमत नाही. शकू म्हणजे माझी बायको. ती असती तर म्हणाली असती, "अहो, चार लोक वाचतील, जरा बेतानं घ्या." ती नाही. आता बेतानं कोणासाठी घेऊ?

गॅरेज होतं भोपाळात, आताच्या बिट्टन मार्केटच्या अलीकडे. आता तिथे भाजीचे ठेले लागतात आणि स्कूटर टेकवायला जागा मिळत नाही. तेव्हा बेशरमाची झुडपं होती, मागे सरकारी क्वार्टरांच्या ओळी होत्या आणि मध्ये आमची टिनाची मोठी शेड. शेडच्या पाठीला दोन खोल्या काढलेल्या, त्यात आम्ही राहायचो. नागपूरच्या कचेऱ्या भोपाळला आल्या तेव्हा कचेऱ्यांमागे बाबूलोक आले आणि बाबूलोकांमागे आमचे बाबा आले, कारण तिकडे ज्यांच्या गाड्या ते दुरुस्त करायचे ते सगळे इकडे निघाले होते. बाबूंना क्वार्टर मिळाले. बाबांनी आपली शेड आपल्या हातानं ठोकली.

शेडमध्ये खाली माती होती. माती म्हणायची एवढंच, इतकं तेल पिऊन बसली होती की डांबरासारखी काळी झालेली. सकाळी आईच्या स्टोव्हचा फरफर आवाज सुरू व्हायचा आणि तो बंद होत नाही तोच मुन्नेखाँचा हातोडा सुरू व्हायचा. मुन्नेखाँ बाबांचा जोडीदार, पक्का भोपाळी, तोंडात कायम पान. आई गोळाभात करायची, वर कढत फोडणी ओतायची, तरी पहिल्या घासाला ग्रीसचा वास यायचाच. आम्हाला तो वास जेवणाचाच वाटायचा. हातातून नट सुटला की मातीत गडप. संध्याकाळी बाबा दोरीला लोहचुंबक बांधून शेडभर ओढत फिरायचे आणि दिवसभराचे हरवलेले नट, वायसर चुंबकाला मुंग्यांसारखे चिकटून वर यायचे. तो चुंबक ओढायला मिळावा म्हणून मी शाळेतून पळत यायचो. पण जॅक मातीत रुतायचा. पावसात तर जीप उचलण्याऐवजी जॅकच खाली जायचा. एकदा मुन्नेखाँ कपाळाला हात लावून म्हणाला, "रामू भाई, अपन गाड़ी चढ़ा रहे हैं के ज़मीन में बीज बो रहे हैं?" तेव्हा बाबांनी ठरवलं, फरशी करायची.

बाबांची निवडायची रीत साधी होती. बासोद्याकडे दगड निघतो, फरश्या काढतात त्याच्या, अंगानं खडबडीत. त्यातली एक फरशी त्यांनी सायकलला बांधून आणली आणि अंगणात टाकली. वरून मोठा हातोडा सोडून पाहिला. जॅक ठेवून पाहिला. मग गिअरबॉक्सचं काळं तेल तिच्यावर ओतलं, चपला काढून अनवाणी तिच्यावर एका पायावर उभे राहिले आणि मुन्नेखाँला म्हणाले, "ढकल." मुन्नेखाँनं खांद्यानं ढकललं. बाबा हलले, पाय हलला नाही. "धरते," बाबा म्हणाले. झालं. फरशीला दुसरं काही विचारायचं असतं असं त्यांना वाटत नव्हतं, आणि मलाही आजतागायत वाटत नाही.

पण शेडमध्ये गणपती बसत होता. क्वार्टरांतल्या मराठी लोकांना एवढं मोठं छत दुसरीकडे कुठे नव्हतं, म्हणून दरवर्षी दहा दिवस गॅरेज बंद, गाड्या बाहेर, मातीवर ताडपत्र्या, त्यावर सतरंज्या, आणि जिथे एरवी इंजिन उतरायचं तिथे मखर. ताडपत्रीतूनही तेल वर यायचं. बायकांच्या साड्यांना काळे डाग पडायचे आणि त्या घरी जाऊन नवऱ्यांना बोलायच्या. मंडळाचे अध्यक्ष होते अण्णा. कचेरीत हेडक्लार्क, खिशाला दोन पेन, बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून बघायची सवय. फरशीचं त्यांच्या कानावर गेलं आणि एका रविवारी ते दोघातिघांना घेऊन आले. अंगणातल्या दगडाकडे पाहून म्हणाले, "रामभाऊ, हे काय लावून राहिले तुम्ही? नदीचा घाट बांधता काय? बायकांनी बसावं कुठं?"

"अण्णा, गॅरेज आहे हे," बाबा म्हणाले. "तेल सांडते."

"सांडते तर पुसा. लाल कोबा करू आपण. गुळगुळीत, आरशासारखा. मध्ये पिवळं कमळ काढू, त्यावर गणपती. सिमेंट मंडळ देईल, रंग मंडळ देईल. भोपाळात कोणाच्या गणपतीला अशी जागा नसेल."

मुन्नेखाँ टायरवर बसून हे ऐकत होता. त्याला मराठी सगळं कळायचं. तो पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवून म्हणाला, "को खाँ, दस दिन के मेहमान के लिए सारे साल फिसलोगे?" बाबा हसले. अण्णा हसले नाहीत. ते बाबांजवळ सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "रामभाऊ, फरशी झाली की पहिल्या आरतीचा मान तुमचा. जोडप्यानं."

आता हे ज्यांनी भोगलं नाही त्यांना कळणार नाही. आमचे बाबा त्या लोकांच्या गाड्यांखाली झोपायचे, पण त्यांच्या घरात कधी आत बसले नव्हते. चहा पायरीवर यायचा, आणि कप वेगळा ठेवलेला असायचा. जातीचं नव्हतं ते, आम्ही त्यांच्यातलेच. ते नखांचं होतं. काळ्या नखांच्या माणसाला सोफ्यावर कोण बसवतो? मी बाबांकडे पाहिलं तर त्यांची मान लाल झाली होती. दारातून आई पाहत होती, आणि तिच्या तोंडावरून मला कळलं की कोणती साडी नेसायची ते तिनं मनात ठरवूनही टाकलंय. बाबांनी एकदा दगडाकडे बघितलं. "बरं," म्हणाले. "करू कोबा." तो दगड आईनं मोरीपाशी ओढून नेला आणि त्यावर धुणं धुवायला लागली.

आमचा मिलिंद परवा माझ्यासमोर अशीच आरशासारखी फरशी मागत बसला होता. मिलिंद माझा मुलगा, मिसरोदला त्याची नवी वर्कशॉप होतेय, मोठ्या गाड्यांची. मोबाईल माझ्या नाकासमोर धरून म्हणाला, "बाबा, ये देखो. असा फ्लोअर करायचाय. पूरा ग्लॉसी. वरचे लाइट खाली दिसतात. कस्टमर आला की त्याला क्लास दिसला पाहिजे." फोटोत एक गाडी उभी होती आणि फरशीत दुसरी गाडी उलटी लटकलेली. मी मोबाईल त्याच्या हातात परत दिला आणि उठून बाहेर गेलो. त्याला वाटलं मला दिसलं नाही, चष्मा नव्हता म्हणून. मला सगळं दिसलं होतं.

लाल कोबा झाला, आणि खोटं कशाला बोलू, देखणा झाला. गवंड्यानं घोटून घोटून त्याला अशी चकाकी आणली की आई वाकून त्यात स्वतःचा चेहरा बघायची आणि कोणी पाहिलं की पदरानं पुसल्यासारखं करायची. कडेनं मातीचे बांध घालून त्यावर पाणी भरून ठेवलं होतं, तेव्हा आमच्या शेडमध्ये लाल तळं झालं होतं आणि टिनावर त्याचा उजेड हलायचा. त्या वर्षीचा गणपती कमळावर बसला. बाबांनी रॉकेलनं, मग लिंबानं, मग राखेनं नखं घासली, तरी काळीच राहिली. पांढरा सदरा घालून आईला डाव्या बाजूला घेऊन ते आरतीला उभे राहिले आणि टाळांच्या आवाजात त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर होता. बाबांना एवढा मोठा आवाज आहे हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. आईनं वाटली डाळ केली होती, पाटवड्यांचा रस्सा केला होता, आणि क्वार्टरांतल्या बायका तिच्या हातची पाटवडी खाऊन कृती विचारत होत्या. एवढंच सुख होतं आमचं. ते मी नाकारत नाही. पण त्याची वसुली पुढे झाली.

अकराव्या दिवशी गाड्या आत आल्या आणि मुन्नेखाँ घसरून बसल्या बसल्या शेडच्या दुसऱ्या टोकाला गेला. आम्ही पोट धरून हसलो, तोही हसला. "शीशमहल है मियाँ, सलाम करके अंदर आओ." पुढे हसणं थांबलं. थेंबभर तेल पडलं की त्या कोब्यावर उभं राहता येईना. जॅक ठेवला की त्याचा तळ इकडून तिकडे सरकायचा. शेवटी बाबांनी गोणपाटं आणली. जॅकखाली गोणी, ठोकळ्याखाली गोणी, पाय ठेवायच्या जागी गोणी. वर्षभर ती सुंदर लाल फरशी गोणपाटांखाली झाकून आम्ही काम केलं. म्हणजे पुन्हा मातीच झाली म्हणायची, फक्त आधी मंडळाचे आभार मानून.

पुढच्या वर्षी गणपती जवळ आले आणि अण्णा पाहणीला आले. गोण्या बघून त्यांचं तोंड वाकडं झालं. "काय कळा आणली हो फरशीला. शोभते काय हे?" त्यांनी दोन पोरांकडून सगळी गोणपाटं उचलवली आणि मागच्या नाल्यात फेकायला लावली. फरशी घासायला घरून शकूला पाठवलं. शकू त्यांची पुतणी. आई-बाप लहानपणीच गेले, तेव्हापासून अण्णांकडे होती आणि त्यांच्या घरचं सगळं काम तिच्या अंगावर होतं. मेणबत्त्यांचे तुकडे रॉकेलमध्ये वितळवून ते फडक्यानं फरशीला घासायचं, असं तिला शिकवून पाठवलं होतं. ती गुडघ्यांवर बसून सकाळभर घासत होती. उठताना एकदा सपशेल पडली, कोपर फुटलं. आईनं हळद लावली. बाबा आत आले तसं ती म्हणाली, "काका, सांभाळून या. मलाच उभं राहवत नाही इथं." तिचं मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य.

शकू भिंतीपाशी फडकी आवरत होती, तेवढ्यात दुपारी अण्णाच जीप घेऊन आले. चार इमलीच्या बंगल्यावरच्या साहेबांची जीप, अण्णांच्या वरच्या साहेबांची. शेजारी ड्रायव्हर. गिअरबॉक्समधून तेल गळत होतं.

"रामभाऊ, संध्याकाळी साहेबांना दौऱ्यावर निघायचं आहे. एवढं करून द्या."

बाबा म्हणाले, "अण्णा, आज नको. मेण अजून ओलं आहे, आणि गोण्या तुम्ही फेकल्या. बाहेर करतो म्हटलं तर चिखल आहे."

"काम तर थोडंसंच आहे."

"थोडंसं असलं तरी खाली जावं लागते, अण्णा."

अण्णांनी नेहमीसारखं बाबांच्या डोक्यावरून पाहिलं. "आरतीचा मान घेता, आणि एवढं होत नाही?"

हे वाक्य मी विसरलो नाही आणि विसरणार नाही.  बाबा खाली वाकले, आपल्या हातानं जॅक घेतला आणि त्या जीपखाली, बरोबर कमळावर ठेवला. मुन्नेखाँ म्हणाला, "रामू भाई, रहने दो." बाबा म्हणाले, "पाना दे." जीप वर गेली. बाजूला लाकडी ठोकळे लावले. बाबा पाठीवर सरकत खाली गेले, आणि त्या मेणावरून किती सहज गेले ते मला अजून दिसतं. नट घट्ट होता. त्यांनी आतून पान्याला नेहमीसारखा झटका दिला. मोठा आवाज झालाच नाही. ओल्या काचेवर बोट घासल्यासारखा बारीक आवाज आला, जॅक कमळावरून सुटून भिंतीपर्यंत गेला, ठोकळे त्याच्यामागे गेले आणि जीप बसली. मग आईच्या हातातली परात पडली, तो आवाज मोठा होता.

बाबांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. अण्णा इस्पितळात केळी घेऊन आले, खाटेपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "विघ्नहर्त्यानं जीव वाचवला, रामभाऊ. हे काय कमी आहे?" बाबांनी, पाय गेलेल्या माणसानं, त्यांना हात जोडले. मला तिथे उभं राहवेना. मी घरी आलो. थोड्या वेळानं अण्णा गॅरेजातही आले, स्थापना परवावर आली होती ना. शेडमध्ये उभं राहून त्यांनी फरशी नीट न्याहाळली. मग मला म्हणाले, "एक बरं झालं, फरशी लाल आहे. धुऊन घेतली की काही दिसणार नाही. शकूला बादली घेऊन पाठवतो."

मी घरात गेलो. आईचा पाटा तिथे होता. पाटा गुळगुळीत झाला की त्यावर वाटण होत नाही, मिरची नुसती सरकत राहते. मग टाकीवाली बाई यायची आणि छिन्नीनं ठोकून ठोकून, टाचून, त्याला पुन्हा खडबडीत करून जायची. ते मी लहानपणापासून बघत होतो. मुन्नेखाँच्या पेटीतून मी छिन्नी काढली, हातोडी घेतली आणि दरवाजापासून सुरुवात केली. पहिला घाव घातला तेव्हा लाल रंगाचा टवका उडून खालचं करडं सिमेंट दिसलं, आणि मला सांगता येत नाही किती बरं वाटलं. आवाज ऐकून आई बाहेर आली. मला वाटलं थांबवेल. ती आत गेली, वेल्डिंगचा चष्मा घेऊन आली आणि म्हणाली, "हा घाल. डोळ्यात कच जाईल." तेवढंच बोलून ती इस्पितळात डबा घेऊन गेली.

त्या दिवशी मी शाळेत गेलो नाही. पुन्हा कधीच गेलो नाही. गॅरेज चालवायला कोणीतरी लागणार होतंच.

दुसऱ्या दिवशी अण्णा मंडळाची माणसं, झालरी आणि मखराचे बांबू घेऊन आले, तेव्हा मी अर्ध्याहून जास्त शेड टाचली होती. तळहात सोलले होते, तोंड लाल धुळीनं भरलं होतं.

"काय करून राहिला रे तू?"

"टाकी लावून राहिलो."

"डोकं फिरलं काय, पोट्ट्या? उद्या स्थापना आहे. मंडळाचं सिमेंट आहे ह्या फरशीत."

"माझ्या बापाचा पाय आहे," मी म्हणालो.

 झालर धरलेला माणूस झालर गुंडाळायला लागला. तेवढ्यात मागून शकू बादली घेऊन आली, धुवायला पाठवलेली. तिनं चहूकडे पाहिलं. मी कमळाच्या चारी बाजूंची फरशी टाचली होती आणि मधलं कमळ तसंच ठेवलं होतं. मुद्दाम नव्हतं, पण तिथे गणपती बसायचा, माझा हातच तिकडे गेला नव्हता. पिवळ्या पाकळ्या चकचकत होत्या.

"कमळ राहिलं," शकू म्हणाली.

"शके, घरी चल," अण्णा म्हणाले.

"जॅक तिथूनच सुटला, काका. मी इथं भिंतीपाशी उभी होते." तिनं बादली खाली ठेवली, कोपऱ्यातला झाडू घेतला आणि कमळावरचे टवके बाजूला सारले, मला नीट दिसावं म्हणून. अण्णा उभे राहिले, आणि मी हातोडी उचलली. पहिल्या पाकळीवर घाव बसला तसे ते वळून निघून गेले. शकू गेली नाही. घरी गेल्यावर तिचं काय झालं ते तिनं मला लग्नानंतरही सांगितलं नाही. त्या वर्षीपासून गणपती एका शाळेच्या हॉलमध्ये बसायला लागला. आम्हाला कोणी बोलावलं नाही. जीपा मात्र दुरुस्तीला आमच्याकडेच यायच्या.

बाबा कुबड्यांवर घरी आले तेव्हा त्यांना कोणी फरशीचं सांगितलं नव्हतं. ते शेडच्या दारात थांबले. मग कुबडी पुढे टाकली. मुन्नेखाँनं आदल्या दिवशीच तेल सांडलं होतं आणि पुसलं नव्हतं; मी पुढे धावलो, त्यांनी नको म्हणून मान हलवली. त्या तेलावर कुबडी टेकवून त्यांनी आपलं सगळं वजन टाकलं, आणि थांबले. कुबडी हलली नाही. "धरते," ते म्हणाले. शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ते चालत गेले, कोणाचा हात न घेता. शेवटी भिंतीला टेकून बसले, खूप वेळ मधल्या जागेकडे बघत राहिले, आणि म्हणाले, "कमळ मात्र छान होतं रे."

मी उठून बाहेर गेलो, नाहीतर माझ्या तोंडून वाईट शब्द गेला असता. आजही त्या वाक्याचा मला राग येतो. बाबांचा येत नाही आता. एका माणसाला दहा दिवस माणसांत बसावंसं वाटावं आणि त्यासाठी त्याला आपल्या पायाखालची जमीन द्यावी लागावी, याचा येतो.

शकू पुढे माझी झाली. अण्णा लग्नाला आले नाहीत, आम्ही वाट पाहिली नाही. सगळा संसार तिनं त्या टाचलेल्या फरशीच्या काठाला केला. कडेवर मूल, हातात चहाचे ग्लास, पायाखाली तेल, ती दिवसातून कितीदा तरी शेडमधून ये-जा करायची, आणि एकदाही घसरली नाही. झाडताना कुरकुरायची. "अहो, तुमच्या या फरशीत केर अडकून बसतो हो." अडकू दे म्हणायचो मी.

मग गॅरेज गेलं, तिथे दुकानं झाली, आणि आम्ही मिसरोदला मिलिंदच्या नव्या घरात आलो. घरभर पांढऱ्या टाइल, दारापासून गच्चीपर्यंत. वास्तुशांतीला आलेला जो तो म्हणे, आरसा आहे आरसा. शकू पहिल्या दिवसापासून भिंत धरून चालायची. मी मिलिंदला म्हणालो, हे बरोबर नाही. तो म्हणाला, "बाबा, आजकल सब यही लगाते हैं. आईला सवय होईल." सवय व्हायच्या आधी ती स्वयंपाकघरातून वरणाचं पातेलं घेऊन येताना पडली. खुब्याचं हाड मोडलं. चालायला वॉकर दिला तर तो वॉकरही त्या टाइलवर स्केटिंग करायचा. मग तिनं उठणंच सोडलं, आणि मग गेली. तेरावं झाल्यावर मी छिन्नी घेऊन ती पडली त्या जागी बसलो. ती टाइल टाचली जात नाही. एक घाव घातला की आरपार तडकते. मी तीन-चार तडकवल्या आणि थांबलो. मिलिंदनं ते पाहिलं. त्यानं वरून गालिचा टाकला.

काल तो वर्कशॉपच्या फरशीचे नमुने घेऊन आला. कंपनीनं दिलेल्या प्लेटी, हाताएवढ्या. पाच-सहा चकचकीत, आणि एक अशी की रंग ओला असताना वर बारीक वाळू मारलेली, हात फिरवला तर खरखरीत. "ही फारसं कोणी घेत नाही," तो म्हणाला, "दिसायला डल आहे. धुवायलाही त्रास होतो. पण तुम्ही निवडा, बाबा. मला सांगा." त्याच्या बोलण्यात काय होतं ते मला कळलं. गालिच्यानंतर आम्ही दोघं फारसे बोललोच नव्हतो.

मी त्याला गाडीतून इंजिन ऑइल आणायला सांगितलं. अंगणात सगळ्या प्लेटी मांडल्या आणि प्रत्येकीवर तेल ओतलं. चपला काढल्या. त्याचा खांदा धरून एकेकीवर पाय ठेवला आणि म्हणालो, ढकल. तो घाबरला. "बाबा, पडाल." ढकल म्हटलं. चकचकीत प्लेटींवरून पाय सरकत गेला, प्रत्येक वेळी त्यानं मला सावरलं. वाळूवाल्या प्लेटीवर त्यानं ढकललं, मी हललो, पाय हलला नाही.

"धरते," मी म्हणालो.

मिलिंद हसला. शकू गेल्यापासून पहिल्यांदा हसला. "मग ठरलं. वर्कशॉपला हीच लावतो. शेवटी पसंत पडली तुम्हाला."

"पसंत आहे," मी म्हणालो. "मग घरात हीच का नाही लावलीस?"

त्याचं हसणं तोंडावरच राहिलं. तो खाली बसला आणि फडक्यानं त्या प्लेटीवरचं तेल पुसायला लागला. खरखरीत फरशीतलं तेल असं लवकर निघत नाही. मी चपला घातल्या नाहीत, त्याच्याजवळ उभा राहिलो. तो वर न बघता पुसत राहिला.